काकडीची मच्छरदाणी

सगळ्या गल्लीत तिला सिस्टर म्हणत, आणि घरात नवराही सिस्टरच म्हणे. नवरा घड्याळजी. तरुणपणी एकदा बोटात बारीक स्प्रिंग घुसली म्हणून तो हॉस्पिटलात गेला, ‘सिस्टर, जरा बघता का’ म्हणाला, आणि पुढे लग्न झालं, मुलगा झाला, केस पिकले, तरी हाक तीच राहिली. घरात तिला ताई म्हणणारी एकटी धाकटी जाऊ. तिला सगळे धाकटीच म्हणत. तीही आता आजी झाली होती, पण धाकटेपण काही सुटलं नव्हतं.

सिस्टर रिटायर झाली तेव्हा वॉर्डातल्या मुलींनी तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घड्याळजीच्या घरात घड्याळ, म्हणजे विहिरीच्या मालकाला तांब्याभर पाणी. तिने ते पलंगासमोर टांगलं आणि दुसऱ्या दिवशी सवयीने पहाटे उठून, केस घट्ट बांधून, स्वयंपाकघरात हजर झाली. धाकटी आधीच ओट्याशी उभी होती. चहाचं आधण उकळत होतं, भाजी निवडून झाली होती, कणीक भिजली होती. सिस्टरने कोपरापर्यंत हात धुतले, जन्मभर धूत आली तसे, आणि काय करू म्हणून विचारलं.

‘ताई, तुम्ही बसा,’ धाकटी म्हणाली.

आता ‘तुम्ही बसा’ यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं उभ्याने काढलेल्या बाईला कुणी बस म्हटलं तर तिने आशीर्वाद द्यावा. पण सिस्टर बसली, आणि बसल्या बसल्या तिला कळलं की या घरात आपल्याला बसण्यापलीकडे काम नाही. सिस्टर दिवसपाळी, रात्रपाळी करत असताना तिचा संसार धाकटीने ओढला होता. सिस्टरच्या मुलाला खाऊ घातलं धाकटीने, तापात पट्ट्या ठेवल्या धाकटीने, आणि गंमत म्हणजे डॉक्टरकडेही नेलं धाकटीनेच. त्या उपकाराचं ओझं असं होतं की भांडायचीही सोय नव्हती.

एका दुपारी मात्र, धाकटी जरा आडवी झाली असताना, सिस्टरला राहवलं नाही. तिने फडताळातले सगळे डबे उतरवले, पुसले आणि नव्याने लावले. रोजचं हाताशी, कधीमधी लागणारं वर. वॉर्डातलं औषधाचं कपाट असंच लावतात. संध्याकाळी धाकटीने मिठासाठी हात नेला तो साखरेवर पडला. सकाळी डबे आपापल्या जुन्या जागी जाऊन बसले होते, जसे काही रात्री स्वतःच चालत गेले असावेत.

त्यानंतर सिस्टर गच्चीवर जाऊ लागली. गच्ची कुणाचीच नव्हती. पाण्याची टाकी, धाकटीची कपडे वाळत घालायची दोरी, मोडका लोखंडी पलंग आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या, एवढाच तिचा परिवार. त्यातल्या एका बादलीत, कुणी टाकलेल्या केरात, मिरचीचं एक रोप आपण होऊन उगवलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाणी घालत नव्हतं, तरी उभं होतं. सिस्टरने त्याची दोन पानं अंगठ्याने वर करून पाहिली, पेशंटची पापणी वर करून पाहावी तशी. आणि ठरवलं.

बाग करायची. कधी कोथिंबिरीची काडीही लावली नव्हती, पण त्याने काय होतं? माणसं जगवली, झाडं काय जगणार नाहीत?

पहिली भरती सगळी दगावली. तिने आणलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या भर उन्हात ओळीने मांडल्या, कारण झाडांना ऊन लागतं हे तिने ऐकलं होतं. किती लागतं हे ऐकलं नव्हतं. त्या गावात ऊन म्हणजे ऊन; दुपारी कुंडीला हात लावला तर चटका बसे. आतली मुळं शिजली. टोमॅटोची रोपं संध्याकाळपर्यंत अशी मान टाकून पडली की घड्याळजीने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, ‘नातेवाइकांना कळवायचं का?’

सिस्टर काही हसली नाही. पण तिचा गुण असा की एक चूक ती दुसऱ्यांदा करत नसे, नवी करे. तिने रंगाच्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडली आणि बाहेरून त्यांना चुना फासला, म्हणजे ऊन परतून जाईल. टाकीच्या पूर्वेला, जिथे सकाळी कोवळं ऊन येई आणि दुपारी टाकीची सावली पडे, तिथे त्या मांडल्या. मातीवर वाळक्या पानांचं जाड पांघरूण घातलं. ओल दुपारपर्यंत टिकू लागली. पाणी पहाटे, सूर्य डोळे उघडायच्या आत. शिवाय हॉस्पिटलातून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या मागून आणल्या, मोडक्या पलंगाच्या दांड्यांना उलट्या टांगल्या, आणि प्रत्येक बादलीत थेंब थेंब पाणी सुरू केलं. बादल्यांवर नंबर घातले. बेड एक भेंडी, बेड दोन मिरची, असे. पलंगाच्या पायथ्याशी काकडीचे दोन वेल. ते पाहता पाहता पलंगावर चढले आणि पेशंटसारखे ऐसपैस पसरले.

वॉर्ड आला म्हणजे नियम आले. चप्पल जिन्यात काढायची. हात धुतल्याशिवाय पानाला लावायचा नाही. आणि दोरी. धाकटीची दोरी नेमकी काकडीवरून जात होती. ओल्या चादरीतून काय काय गळतं, वाऱ्याने काय काय उडतं, हे सिस्टरने धाकटीला नीट समजावून सांगितलं, जंतू हा शब्द पुन्हा पुन्हा घेत. मग तिने दोरी सोडली आणि जिन्याच्या मागच्या कोपऱ्यात बांधली, जिथे वारा वाट चुकला तरच येई.

‘बरं,’ धाकटी म्हणाली. त्या घरात धाकटीचं ‘बरं’ म्हणजे दुसऱ्या घरातलं तासभराचं भांडण.

झाडं मात्र मानवली. काकडीला पिवळी फुलं आली तेव्हा सिस्टरचा ऊर असा भरून आला की रात्री जेवताना ती बोलून गेली. म्हणाली, काकडी आता बाजारातून आणायची नाही. घरची येईल.

‘नाही आणत,’ धाकटी म्हणाली.

आणि खरंच आणली नाही. दुसऱ्या दिवशी ताटात काकडी नव्हती. तिसऱ्या दिवशी नव्हती. ताटात डाव्या हाताला जिथे काकडीच्या चकत्या असत, तिथे धाकटी रोज तेवढी जागा मोकळी सोडून वाढू लागली. दुसरं काही ठेवलं नाही, भात पसरू दिला नाही. मोकळी जागा, स्वच्छ, वाट बघणारी. घड्याळजीला काकडीवाचून जेवण जात नसे. तो त्या जागेकडे बघे, मग बायकोकडे बघे, मग मुकाट्याने जेवे. दोन बायकांच्या मधे पडायचं नाही एवढं शहाणपण त्याला घड्याळांनी शिकवलं होतं; दोन चाकांच्या मधे बोट घातलं की काय होतं ते तो पाहून होता.

तर गोष्ट आता नुसत्या काकडीची राहिली नव्हती. ती मोकळी जागा भरली तर सिस्टरचं या घरात काहीतरी आहे, आणि नाही भरली तर जन्मभर ‘तुम्ही बसा’.

म्हणून काकडीला तिने डोळ्यांत तेल घालून जपलं. एका पानाखाली मावा दिसला, बारीक हिरवा. दुसऱ्यावर एक अळी निवांत जेवत होती. सिस्टरच्या अंगावर काटा आला. संसर्ग तिने जन्मभर दारातच अडवला होता. तिने कपाटातली जुनी मच्छरदाणी काढली, बारीक जाळीची, पलंगाच्या चारी दांड्यांना ताणून बांधली आणि खालून कडा खोचल्या, हॉस्पिटलच्या चादरीचे कोपरे खोचतात तशा, की मुंगीलाही वाट सापडू नये. लांबून पाहिलं की वाटे, कुणी फार मोठा माणूस आजारी पडला आहे.

‘भेटायला बंदी का?’ घड्याळजीने विचारलं.

‘सक्त,’ सिस्टर म्हणाली.

आणि इथून घसरगुंडी सुरू झाली.

फुलं येत होती, भरपूर येत होती. काही लांब देठाची, नुसतीच. काहींच्या मागे करंगळीएवढी काकडी, लव असलेली, इवलीशी, बघताच मांडीवर घ्यावी अशी. सिस्टर जाळीतून ती पाही आणि जिना उतरताना गुणगुणे. मग ती इवलीशी काकडी पिवळी पडे, टोकाकडून सुके आणि एका सकाळी पांघरुणावर गळून पडलेली सापडे. एक गेली, दुसरी गेली, मग सगळी रांगच.

तिने पाणी वाढवलं. मग कमी केलं. शेणखत दिलं, राख दिली, जाळी एका कडेने जराशी उचलून पानं साबणाच्या पाण्याने पुसली आणि लगेच पुन्हा घट्ट खोचली. गच्चीवरची भेंडी आणि मिरची, ज्यांच्याकडे ती धड बघतही नव्हती, कळ्या धरून बसल्या होत्या. भेंड्या तर रोज दोन-चार निघत, पण भेंडीचं वचन कुणी दिलं होतं? आणि ही लाडावलेली, जपलेली, झाकलेली काकडी काही केल्या पोर धरीना.

‘पेशंट कसे आहेत?’ घड्याळजी रोज विचारी.

‘स्थिर,’ सिस्टर म्हणे. नातेवाइकांना असंच सांगतात हे त्यालाही माहीत होतं. तो पुढे विचारत नसे.

ताटात मोकळी जागा रोज वाढली जात होती.

अशात धाकटीची लेक बाळाला घेऊन माहेरी आली. बाळ गोरंगोमटं, गुबगुबीत, आणि डासांना फार आवडणारं. पहिल्याच रात्री त्याच्या गालावर लाल गांधी उठल्या. धाकटीने घरभर मच्छरदाणी शोधली, मग कुठे आहे ते आठवलं, आणि सिस्टर बाजारात गेलेली पाहून ती गच्चीवर चढली. कडा उपसल्या, गाठी सोडल्या, जाळी खाली आणली, धुतली, वाळवली आणि बाळाच्या पाळण्यावर चढवली. विचारलं नाही, सांगितलं नाही.

सिस्टरला कळलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे, पाणी घालायला गेली तेव्हा. वेल उघडे पडले होते, अंथरुणातून ओढून काढल्यासारखे. ती जिना उतरून थेट स्वयंपाकघरात गेली. हातही धुतले नाहीत, यावरून ओळखा.

‘मच्छरदाणी कुणी काढली?’

‘मी,’ धाकटी म्हणाली. ‘बाळाला हवी होती. डास काकडीला चावत नाहीत, ताई.’

‘विचारायचं तरी.’

धाकटीने गॅस बारीक केला आणि पहिल्यांदाच पूर्ण वळून उभी राहिली. ‘डबे हलवलेत तेव्हा मला विचारलंत? दोरी सोडलीत तेव्हा विचारलंत? माझे कपडे आता दोन दिवस वाळत नाहीत. बाळाची दुपटी दमट वास मारतात. मी काही बोलले?’

सिस्टरकडे उत्तर होतं, पण ते सगळं जंतूंबद्दल होतं.

‘तू मला काही करूच देत नाहीस,’ ती शेवटी म्हणाली, आणि आपला आवाज ऐकून तिलाच नवल वाटलं. एखादी नवी नर्स पहिल्या दिवशी बोलेल तसा होता तो. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, काही बोलणार होती, तेवढ्यात आतून बाळ रडलं आणि ती गेली.

सिस्टर पुन्हा वर गेली. जाळी नाही तर नाही, आपण स्वतः पहारा करू, असा तिचा बेत. पाण्याचा डबा उलटा घालून ती पलंगाशी बसली, हातात वर्तमानपत्राची घडी. येऊ दे एकेकाला.

ऊन जरा चढलं आणि एक मधमाशी आली. सिस्टरने घडी उचलली. पण जन्माची सवय, आधी निरीक्षण, मग उपचार. माशी लांब देठाच्या फुलात शिरली, आत लोळली, आणि बाहेर आली ती पायांना पिवळी पूड फासून. पाय झटकले नाहीत, पुसले नाहीत, काही नाही. तशीच मळकी उडाली आणि शेजारच्या, मागे इवली काकडी असलेल्या फुलात घुसली. तिथे लोळली. तिथून तिसऱ्यात.

सिस्टर बघत राहिली. हात न धुता या बेडवरून त्या बेडवर. अशीच एक नर्स तिने एकदा वॉर्डाबाहेर काढली होती. आयुष्यभर तिने जे होऊ दिलं नव्हतं, नेमकं तेच तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि ते चुकीचं दिसत नव्हतं. तिने लांब देठाचं एक फूल बोटाने टोकरून पाहिलं. बोटाला पिवळी पूड लागली. मग इवल्या काकडीच्या फुलात डोकावून पाहिलं. तिथे पूड नव्हती. नुसती वाट बघणारी, ओलसर, मोकळी जागा. रोज ताटात बघत होती तशीच.

काकडीला कुणी भेटायलाच येत नव्हतं. येणार कुठून? दारावर सिस्टर बसली होती.

वर्तमानपत्राची घडी तिच्या हातून कधी पडली तिला कळलं नाही. ती हसू लागली, आधी नाकातून, मग पोटातून, इतकी की टाकीवरचा कावळा उडाला. खाली दुकानात घड्याळजीने भिंगातून डोळा काढून वर पाहिलं. बायको एकटी गच्चीवर हसते आहे हे बरं लक्षण की वाईट, ते त्याला ठरवता येईना. तो पुन्हा घड्याळात शिरला.

खाली येऊन तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला गरजही नव्हती. जाळीमुळे काकडी गळते हे घरात कुणाला ठाऊक होतं? गप्प राहिली असती तर काकडी तिचीच ठरली असती, शंभर टक्के. पण त्या दुपारी ती पुन्हा वर गेली, जिन्यामागची दोरी सोडली आणि जुन्या जागी बांधली, काकडीवरून, जिथे वारा थेट येतो. गाठ अशी मारली की तिलाही सुटू नये.

पुढे काही दिवस ती नुसती डब्यावर बसून पाहुणे मोजल्यासारखं करी, पण मोजत नसे. मधमाश्या येत, एक जाडजूड काळा भुंगा येई, तो वॉर्डबॉयसारखा सगळीकडे धडका देत जाई. मावा दिसला की ती बोटाने पुसून टाकी, पण फुलाला हात नाही. आणि एक काकडी पिवळी पडली नाही. हिरवी राहिली. दुसऱ्या दिवशी जाड झाली. त्याच्या पुढच्या दिवशी वेलाला जड झाली.

धाकटी दुपटी वाळत घालायला वर आली ती सवयीने जिन्यामागे वळली. दोरी नव्हती. तिने इकडे तिकडे पाहिलं, मग काकडीवरून ताणलेली दोरी पाहिली, मग डब्यावर बसलेली जाऊ. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली.

‘चप्पल?’

‘राहू दे. ये.’

धाकटी आली. एकेक दुपटं झटकून घालू लागली. वारा होता, दुपट्यांनी लगेच पोटं फुगवली. चौथं घालताना तिला पानांमधून ती दिसली, आणि तिचा हात चिमट्यासकट हवेतच राहिला.

‘ताई, ही धरली.’

‘तू धरवलीस,’ सिस्टर म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. माशी कशी आली, पूड कशी लागली, जाळीच्या आत फुलं कशी उपाशी बसली होती. सांगताना ती हातांनी माशी करून दाखवत होती, या फुलातून त्या फुलात, आणि मधेच थांबून म्हणाली, ‘तू मच्छरदाणी पळवली नसतीस तर मी अजून राख घालत बसले असते.’

धाकटीने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दाबायला तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं, पण उशीर झाला होता. दोघीही हसल्या, दुपट्यांच्या मधे उभ्या राहून, तोंडं एकमेकींना न दाखवता.

‘म्हणजे चोरी लागू पडली,’ धाकटी म्हणाली.

‘परत करू नकोस ती. बाळालाच असू दे.’

काकडी सिस्टरने स्वतः तोडली. देठाशी कात्रीने, टाके काढावेत तशी. दोन्ही हातांवर घेऊन ती जिना उतरली, आणि तिच्या मागून रिकामी बादली घेऊन धाकटी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सिस्टर थांबली. काकडी ओट्यावर ठेवली, हात धुतले, आणि सवयीने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळली. इतके महिने तीच तिची जागा होती.

धाकटीने काकडी धुतली, टोक कापलं, त्याच टोकाने घासून कडवटपणाचा फेस काढला, आणि एक चकती कापून तोंडात टाकली. दारात घड्याळजी येऊन उभा राहिला होता, दुकान उघडं टाकून, भिंग अजून कपाळावर. धाकटी सावकाश चावत होती. या घरात कुणी न्याय इतका वेळ चावला नसेल.

‘कडू आहे?’ सिस्टरने विचारलं.

‘टोकाला थोडी,’ धाकटी म्हणाली. ‘आपल्या घरात शोभेल अशी.’

मग तिने सुरी चालवायला सुरुवात केली, चकत्या पातळ, एकसारख्या, आणि मान न वळवता म्हणाली, ‘बसताय काय, ताई? मीठ काढा.’

सिस्टर उठली. फडताळात हात घातला, झाकण उघडलं, चिमूट उचलली आणि बघितलं तर साखर.

‘शेजारचा,’ धाकटी म्हणाली.